आप्पांचं गाणं कानात गेलं

"बाई, आप्पांकडं कोण आजारी हाय काय वो?"

अक्कांनी हे विचारलं तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते. आमच्या दोघींच्या मधली भिंत कमरेच्या थोडी वर येते. वीस वर्षांपूर्वी ती बांधायला काढली तेव्हा दोन्ही घरच्या पुरुषांनी डोक्याएवढी करायचं ठरवलं होतं. आम्ही दोघींनी गवंड्याला दोन वेळचा चहा पाजून चार थर कमी घालायला लावले. त्या चार थरांच्या जागेवर कोपर टेकून अक्का उभ्या होत्या.

"आजारी कुणी नाही. बाळ झोपलंय."

"आन् गाणं?"

"गाणं आता कानात गेलं."

अक्कांना पटकन उमजलं नाही. त्यात त्यांची चूक नाही. मिरजेतल्या आमच्या या गल्लीत चाळीस वर्षं आप्पांच्या स्पीकरवर घड्याळ लावलं जातंय. सकाळी साडेसहाला भजन, मग भीमसेन नाहीतर मन्सूर, आठाला बंद. संध्याकाळी सातला पुन्हा सुरू. विलंबित संपून द्रुत लागलं की कुकर उतरवायचा, हा अक्कांचा हिशेब. "मला त्यातलं काय कळतंय," असं त्या दर वेळी म्हणतात, आणि एखाद्या दिवशी आप्पांनी तोडीऐवजी दुसरं काही लावलं तर भिंतीवर येऊन विचारतात, "आज काय बदललं?"

आप्पांचं घर माझ्या पलीकडच्या अंगाला. तिकडे भिंत नाही, तारेचं कुंपण आणि त्यावर जास्वंद. म्हणजे मी मध्ये. इकडची बातमी तिकडे आणि तिकडची इकडे नेण्याचं काम देवानंच मला नेमून दिलंय, त्याला मी काय करणार?

तर झालं असं. आप्पांचा मुलगा बंगळूरच्या कंपनीत. तो आता बायको आणि सात महिन्यांची पोर घेऊन इकडे आलाय, घरूनच काम. त्याचे साहेब अमेरिकेत, म्हणून संध्याकाळी सातला हा लॅपटॉप उघडतो आणि रात्री दोनला मिटतो. सकाळी दहापर्यंत झोप. नात दिवसातून चारदा झोपते, पण कधी, ते तिलाच माहीत. आता आप्पांनी गाणं लावावं कधी?

"आवाज बारीक करावा की," अक्का म्हणाल्या.

तेच केलं होतं पहिल्यांदा. आठवडाभर बारीक लावून बघितलं आणि एका दुपारी जास्वंदीपाशी येऊन मला म्हणाले, "बाई, डग्गा गेला." मला वाटलं तबल्याचंच काही फुटलं. ते म्हणत होते, आवाज कमी केला की गाणारा ऐकू येतो, पेटी ऐकू येते, पण डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज नाहीसाच होतो. मशीन बिघडलं का?

मशीन नाही बिघडलेलं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, अशी संधी मी सोडणार नव्हते. आपला कान मुळात असा आहे. आवाज मोठा असताना खालचे आणि वरचे सूर त्याला जवळजवळ सारख्याच तोलाचे वाटतात. आवाज उतरवला की खालचे सूर आधी बुडतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली माणसं बसवून हे मोजलं आणि त्याच्या रेघा काढल्या. म्हणजे स्पीकर बारीक करून ऐकायचं ठरवलं तर गाण्याचा पायाच जातो.

अक्कांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आमटीत पाणी वाढवल्यासारखं. तिखट ऱ्हातंय, मीठ जातंय."

मी शाळेत असं सांगितलं असतं तर पोरांना चाचणीला जास्त मार्क पडले असते.

आता या स्पीकरचं थोडं सांगायला हवं, कारण आप्पांना त्यांच्यावाचून का करमत नाही ते त्याशिवाय कळायचं नाही. आप्पा रेल्वेत, सिग्नल आणि टेलिकॉमला. १९८३ साली सुट्टी काढून ते मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेले आणि वूफर, ट्वीटर, क्रॉसओव्हरचं सामान रेल्वेच्या पासावर घेऊन आले. पेट्या इथल्याच सुताराकडून करून घेतल्या, जुन्या वाड्याच्या तुळयांच्या सागवानात. इंग्रजी पुस्तकात लिहिलं होतं, पेटीच्या आत लांब धाग्याची लोकर भरा म्हणजे आतल्या आत आवाज घुमत नाही. लोकर कुठून आणायची? आप्पांनी धनगराकडून घेतली, घोंगडीची, काळी. पावसाळ्यात अजूनही त्या पेट्यांपाशी गेलं की मेंढरांचा वास येतो असं आप्पांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणतात. आप्पा म्हणतात, तो खर्जाचा वास आहे.

वूफरच्या कडेला जो फोमचा गोल असतो तो आपल्या हवेत टिकत नाही. दहा-पंधरा वर्षांत बोट लावलं की पिठासारखा झडतो. आप्पांनी तो दोनदा बदलला. दुसऱ्या वेळी फोमऐवजी रबराचा बसवला. अशा वस्तूला कापड टाकून ठेवायचं म्हणजे घरातला बैल विकण्यासारखं. वहिनींनी त्यावर आता दोन कुंड्या ठेवल्यात. आप्पा त्या रोज उचलून खाली ठेवतात, वहिनी रोज उचलून वर ठेवतात. त्यावर कुणी बोलत नाही.

"मग पोरानं काय केलं?" अक्कांचा मुद्द्यावर हात असतो.

पोरानं वाढदिवसाला हेडफोन आणून दिले. बिनतारी, काळे, मऊ, डबी अशी की आत दागिना असावा. बाहेरचा आवाज गिळणारे. कंपनीचं नाव मी घेत नाही, वस्तू वाईट नव्हतीच. विमानात बसणाऱ्याला, गजबजलेल्या हापिसात काम करणाऱ्याला ती हवीच. ती युक्ती निघाली तीही विमानातच. अमर बोस म्हणून अमेरिकेतले प्राध्यापक, वडील बंगाली. १९७८ साली युरोपातून घरी परतताना विमानानं दिलेल्या हेडफोनवर इंजिनाच्या घरघरीनं त्यांना काही नीट ऐकू येईना, तेव्हा तिथंच बसून त्यांनी आकडेमोड सुरू केली. बाहेरच्या आवाजाची लाट ओळखायची आणि तिच्या बरोबर उलटी लाट कानात सोडायची. वर गेलेलं आणि खाली गेलेलं मिळून शून्य.

पण ही वजाबाकी जमते ती एकसुरी, जाड, सतत चालणाऱ्या आवाजाशी. पंखा, इंजीन, मिक्सर नव्हे पण पिठाची गिरणी म्हणा. मध्येच उठणाऱ्या, चढउतार असलेल्या आवाजाचा अंदाज यंत्राला वेळेत येत नाही. आप्पांच्या घरी पंख्याचा आवाज पूर्ण गेला आणि "अहो, दळण!" ही हाक जास्तच स्पष्ट ऐकू यायला लागली.

अक्का इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली कोथिंबीर माझ्या बाजूला पडली. ती मी परत दिली नाही.

बाकी तक्रारी आप्पांच्या नेहमीच्याच. टीव्हीवर मैफल लावली तर तबलजीचा हात आधी पडायचा आणि ठेका मागून यायचा. बिनतारीत आवाज आधी दाबून बारीक करायचा, हवेतून पाठवायचा आणि कानाशी पुन्हा उलगडायचा, त्यात सेकंदाचा पाचवा-सहावा भाग सहज जातो. नुसतं गाणं ऐकताना कळत नाही, हात दिसले की कळतं. शिवाय मेमधलं मिरज आणि कानावर रेग्झिनच्या गाद्या. अर्ध्या तासात कानाच्या मागून घाम मानेवर. आणि आतली बॅटरी चार वर्षांनी दमली की बदलणार कोण? उघडायला स्क्रू दिसत नाही. ज्या माणसानं स्पीकरचे गोल स्वतः चिकटवले, त्याला न उघडणारी वस्तू दिली की त्याला ती परक्याचीच वाटते. आप्पांनी महिनाभर पोराचं मन राखलं आणि मग ते हेडफोन सुनेला दिले. ती बिचारी ते घालून शांतपणे झोपते. गाणंबिणं काही लावत नाही.

"मग आत्ता कानात काय हाय त्यांच्या?"

इथं मी जरा इकडेतिकडे बघून घेतलं. वहिनी मागच्या अंगणात असाव्यात, बादलीचा आवाज येत होता.

"दुसरे आणले. पुण्याहून. आम्ही गेलो होतो ना मागच्या महिन्यात डोळे दाखवायला?"

"व्हय की. तुमचे हे, तुम्ही आन् आप्पा."

"ते कान दाखवायला गेलो होतो."

कोयना एक्स्प्रेसनं गेलो. पुण्यातल्या एका दुकानात बसून ऐकू देतात असं आप्पांना कळलं होतं. पोटमाळ्यासारखी खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर पंचवीसेक हेडफोन, वटवाघळं टांगल्यासारखे. आमच्या ह्यांनी एक खुर्ची धरली आणि डोळे मिटले, ते जेवायच्या वेळी उघडले. दुकानातला पोरगा चांगला होता, पण त्यानं आप्पांचे पांढरे केस बघून आधी जुनं सिनेमातलं गाणं लावलं, आणि आप्पांनी मान हलवली नाही म्हणून मग छाती दणाणणारं काहीतरी. आप्पांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "बाळ, माझं सामान मी आणलंय."

त्यात तीनच गोष्टी होत्या. पहिली, दहा मिनिटं नुसता तंबोरा. मिरजेचा माणूस दुसरं काय नेणार? आमच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढं-मागं सरकवत बसतो आणि एका जागी तार बोलायला लागते, तिच्या आतून वरचे स्वर झिरपायला लागतात. आप्पा लहानपणापासून त्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेले. त्यांचं म्हणणं, ज्या यंत्रात जवारी खरी वाजत नाही, त्यात पुढचं ऐकायची गरज नाही. त्यात खर्जापासून वरच्या झणकारापर्यंत सगळं एकाच वेळी असतं आणि दहा मिनिटं बदलत नाही, म्हणून एक हेडफोन काढून दुसरा घालेपर्यंत कान विसरत नाही. यापेक्षा शास्त्रशुद्ध परीक्षा मलाही सुचली नसती. दुसरं, मन्सूरांचं एक जुनं ध्वनिमुद्रण, मोनो. तिसरं 'कॉल ऑफ द व्हॅली', शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. १९६७ची रेकॉर्ड, पण डावं-उजवं बघायला झकास.

पहिला हेडफोन आला तो जर्मनीतल्या बायरडायनामिकचा, डीटी ७७०. मागून बंद. डग्गा भरभरून, आप्पा खूश. मग त्यांनी चष्मा लावला, कारण चष्म्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही असं वहिनी म्हणतात ते खरंच आहे, आणि डग्गा गेला! चष्म्याच्या काडीनं गादी आणि कानामागची कातडी यांत फट पडते, बंद पेटीला भोक पडतं, आणि खालचा सूर तिथून निसटतो. ही गोष्ट कुठल्या पत्रकावर लिहिलेली नसते. चष्मेवाल्यानं चष्म्यासकटच ऐकून बघावं, एवढं माझं ऐका.

"मी कशाला घालू ते?" अक्का म्हणाल्या. "मला हितनं ऐकू येत हुतं की."

दुसरा त्यांचाच, ९९०, मागून उघडा. त्यात तंबोऱ्याच्या वरच्या झणकारीला जास्तच धार आली. आप्पा म्हणाले, "जवारी बरोबर आहे, पण कुणीतरी दोरा जरा पुढं ओढून ठेवलाय." कुणाला ते आवडेलही, संतूर तर त्यात असं काही लखलखलं की पोरगा स्वतःच हसला. पण तास-दोन तास कुमार गंधर्वांचं गाणं ऐकणाऱ्याच्या कानाला ती धार टोचेल.

तिसरा सेनहायझरचा एचडी ६००. १९९७ सालापासून निघतोय, आणि अजून तोच. वायर निघते, गाद्या निघतात, आतला पडदासुद्धा सुटा मिळतो. आप्पांनी आधी तो हातात घेऊन सगळा सोडवून बघितला, पोरग्याचा जीव वरखाली. मग कानावर घातला आणि पोरग्यानं तो सरळ फोनला लावला. आवाज मरतुकडा! मी म्हटलं झालं, गेली कोयना फुकट.

आप्पांनी मागं लिहिलेलं वाचलं. ३०० ओहम. "असं होय," म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नोकरीतला भाव आला. फोनचा दाब असतो साधारण एक व्होल्टाच्या आसपास. ३०० ओहमच्या बारीक तारेच्या वेटोळ्यातून त्या दाबानं पुरेसा प्रवाह जात नाही. रस्त्यात घालायचे छोटे हेडफोन सोळा किंवा बत्तीस ओहमचे ठेवतात, ते याचसाठी.

"तिसऱ्या माळ्यावर टाकी आन् अर्ध्या घोड्याची मोटर," अक्का.

अगदी तसंच. मग पोरग्यानं तळहाताएवढा अँप्लिफायर काढला, आणि आप्पांनी त्याला विचारलं, "याचा आउटपुट इंपिडन्स किती?" पोरगं डोकं खाजवत आत गेलं आणि कागद घेऊन आलं. आप्पांचा नियम, अँप्लिफायरचा स्वतःचा अडथळा हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून जास्त नसावा. नाहीतर आवाजाचा तोल अँप्लिफायर ठरवतो, हेडफोन नाही. आकडा ठीक निघाला. तंबोरा लागला. आप्पा दहाही मिनिटं हलले नाहीत. नंतर मला दिला. मी कानावर घेतला आणि बाई बाई बाई! एकेक तार वेगळी, तिच्यावर बोट कुठं टेकलं ते कळावं अशी. त्या रेकॉर्डात मध्ये कुठंतरी कुणीतरी श्वास घेतं. चाळीस वर्षं आप्पांनी ते ऐकलं नव्हतं. कारण ते त्या खोलीत पोहोचतच नव्हतं.

पण डग्गा? मन्सूरांबरोबरचा डग्गा थोडा हलका वाटतो, आप्पा म्हणाले. त्याचं उत्तर मी परतीच्या गाडीत काढलं, कराडच्या अलीकडे, तिकिटाच्या मागे. आप्पांची खोली बारा फूट बाय नऊ. बारा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण ४७ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, नऊ फुटांत ६२चा. डग्ग्याची घुमकी याच आसपास फिरते. म्हणजे इतकी वर्षं तबलजीबरोबर खोलीही ठेका धरून होती. हेडफोनमध्ये खोली नाही. वाजलं तेवढंच येतं. मी हे सांगितल्यावर आप्पा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस माझं घर ऐकत होतो."

मला वाईट वाटलं. उगाच गणित केलं.

घरी आल्यावर दुसरी अडचण निघाली. स्पीकरवर गाणारा समोर बसतो. दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या भिंतीपाशी, जिथं वहिनींचं कॅलेंडर आहे, तिथं आप्पांनी मन्सूरांना रोज बसवलं होतं. हेडफोनवर मन्सूर डोक्याच्या आत आले. मोनो ध्वनिमुद्रण म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत एकच, मग मेंदू त्याला कवटीच्या बरोबर मधोमध ठेवतो, दुसरी जागा नाही त्याच्याकडे. स्टिरिओत तर आणखी गंमत, संतूर एका कानात, गिटार दुसऱ्यात. स्पीकरमध्ये असं होत नाही, कारण डाव्या पेटीचा आवाज उजव्या कानालाही पोहोचतो, अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदाच्या आत, डोक्याला वळसा घालून, थोडा मवाळ होऊन. त्या उशिरावरून आणि मवाळपणावरून आपण दिशा ओळखतो. हेडफोननं हा वळसाच बंद केला.

यावर तोड जुनी आहे. बेंजामिन बाउअर म्हणून अमेरिकन इंजिनिअर होते, त्यांनी १९६१ सालीच मांडणी देऊन ठेवली होती. डावीकडचं थोडं उजवीकडे सोडायचं, उजवीकडचं डावीकडे, खालचे सूर जास्त, वरचे कमी, किंचित उशिरानं. चार रेझिस्टर, चार कपॅसिटर असला खेळ. आप्पांनी पत्र्याच्या डबीत तो स्वतः जोडला. लाडवाचीच डबी होती ती, वहिनी अजून शोधतायत.

"आन् त्यानं समोर आले का बुवा?"

समोर नाही आले. आप्पा म्हणाले, कपाळापर्यंत आले. एवढं बास आहे.

मी त्यांना एकच दटावून सांगितलंय, आवाजाचं बटण. स्पीकर मोठा केला की अख्खी गल्ली ओरडते, हेडफोन मोठा केला तर ओरडायला कुणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, ८० डेसिबल असेल तर आठवड्याला चाळीस तास चालेल. वर प्रत्येक तीन डेसिबलला तास निम्मे करा. ८३ला वीस, ८६ला दहा, ८९ला पाच. आप्पांनी अँप्लिफायरच्या बटणाशी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, त्याच्या पुढं जायचं नाही. नेलपॉलिश सुनेचं.

"एवढं समदं केलं," अक्का भिंतीवरचा हात काढून पदराला पुसत म्हणाल्या, "पर आमचं काय?"

"आमचं म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? माझा कुकर? सकाळी उठल्यावर नुसता कावळा ऐकू येतोय. चाळीस वर्सं ऐकलं, एक रुपाया दिला न्हाई, खरं हाय. म्हनून आसं तोडायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीसुद्धा गेले पंधरा दिवस सकाळी उगाच रेडिओ लावते आणि बंद करते. इथल्या दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्रभर गाणं चालतं, तिथं आपण चटईवर बसतो, शेजारची बाई शेंगा सोलत असते, पलीकडे एखादं पोर रडतं. ते सगळं गाण्यातच धरलेलं असतं. आप्पांचं गाणंही तसंच होतं, त्यात भांडी होती, गल्लीतला भाजीवाला होता. वहिनींची हाकसुद्धा सुरात असायची कधीकधी.

"एक आहे," मी म्हटलं. "त्यांनी उघडा घेतलाय. १९६८ साली सेनहायझरनंच पहिल्यांदा हेडफोनची पाठ उघडी केली. बंद पेटीत पडद्यामागचा आवाज कोंडतो, उघड्यात तो मोकळा बाहेर जातो. म्हणून गाणं जास्त ऐसपैस वाटतं, कानही उकडत नाही, गाद्या मखमली. म्हणजे आप्पा ऐकतात तेव्हा थोडं बाहेर झिरपतं."

"मग हितं येईल?"

"इथं नाही. हातभर अंतरावर मुंगी गातेय असं ऐकू येतं. आणि त्यात डग्गा नाही, कारण खालच्या सुराची पुढची लाट आणि मागची लाट बाहेर येऊन एकमेकींना खाऊन टाकतात."

अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खाल्ल्या.

तेवढ्यात आप्पा बाहेर आले. कानावर तो करडा हेडफोन, मागून काळी वायर घरात गेलेली. वायर तीन मीटरची आहे. अँप्लिफायर खिडकीत ठेवला तर बरोबर कट्ट्याच्या पहिल्या फरशीपर्यंत पोहोचते, दुसऱ्या फरशीवर बसलं तर मान ओढली जाते. आप्पा पहिल्या फरशीवर बसले, डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं मांडीवर.

अक्का भिंतीला वळसा घालून फाटकातून माझ्या अंगणात आल्या आणि आम्ही दोघी जास्वंदीपाशी जाऊन उभ्या राहिलो. माणूस समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल मोकळेपणानं बोलायला मिळणं, ही चैन रोज मिळत नाही.

"बारीक झालेत की वो," अक्का नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा नेहमीचा आवाज म्हणजे शेतातून बांधावर ऐकू जाईल असा. "आन् ती बोटं बघा. तीनताल हाय."

"एकताल."

"आसंल. बाई, खरं सांगा, केवढ्याला पडलं?"

"वहिनींना तीन हजार सांगितलंय."

"आन् खरं?"

"अँप्लिफायर धरून? त्याच्यापुढं आणखी एक शून्य लावा."

"तीस हजाऽऽर!"

आप्पांची बोटं समेच्या आधीच थांबली. डोळे मिटलेलेच होते. हेडफोन न काढता त्यांनी डावा हात हळूच वर केला, वर्गात पोरांना गप्प करतात तसा.

"अक्का, हळू," ते म्हणाले. "याची पाठ उघडी आहे. आतलं बाहेर जातं तसं बाहेरचं आतही येतं. बाईंनी ते नाही सांगितलं का तुम्हाला?"

मी जीभ चावली. मागच्या अंगणातला बादलीचा आवाज मघाच थांबला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीचं दार उघडलं आणि वहिनी म्हणाल्या,

"किती हजार म्हणालात, अक्का?"